नसलेल्या पदार्थाचा शोध

साधारण १९५३ पासून पुढची वीस वर्षं जगातले नामांकित जीवरसायनशास्त्रज्ञ एक पदार्थ शोधत होते. ॲमस्टरडॅम, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, जिथे म्हणून चांगली प्रयोगशाळा होती तिथे उंदरांची यकृतं आणि बैलांची हृदयं वाटून, गाळून, यंत्रात गरागरा फिरवून त्यांतून तो वेगळा काढायची खटपट चालू होती. पदार्थाला नाव नव्हतं. त्याचं वजन किती, तो कशात विरघळतो, किती वेळ टिकतो, कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो असणार याबद्दल शंका नव्हती, कारण त्याच्याशिवाय हिशेब लागत नव्हता. मधून मधून कुणीतरी तो सापडल्याचं जाहीर करायचं आणि काही काळाने निमूटपणे ते मागे घ्यायचं. हा पदार्थ अखेरपर्यंत सापडला नाही. तो नव्हताच.

हिशेब असा होता. आपण खातो त्या भाकरीतली ऊर्जा पेशी एकदम जाळून मोकळी करत नाही. अन्नाच्या रेणूंमधला हायड्रोजन काढून घेतला जातो, त्यातले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात पुढे जातात आणि शेवटी श्वासातून आलेल्या ऑक्सिजनला मिळतात. तिथे पाणी तयार होतं. आपण श्वास घेतो तो या साखळीच्या शेवटच्या टोकाला इलेक्ट्रॉन उचलणारं कुणीतरी हवं म्हणून. सायनाइडने माणूस मिनिटांत मरतो, तो हे शेवटचं टोक बंद पडल्यामुळे.

ही साखळी उजेडात आणली डेव्हिड केइलिन यांनी. मॉस्कोत जन्मलेले, पॅरिसमध्ये शिकलेले केइलिन १९१५ साली केंब्रिजला आले ते कीटकांचे अभ्यासक म्हणून. कीटकांच्या स्नायूंमधून आलेला प्रकाश एका छोट्या स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहताना त्यांना चार काळे पट्टे दिसले. यीस्टच्या पेशींतही तेच पट्टे. यीस्टचं पाणी हवेत हलवलं की पट्टे नाहीसे होत, थोडा वेळ तसंच ठेवलं की परत उमटत. जिवंत पेशी श्वास घेताना प्रत्यक्ष डोळ्यांना दिसत होती. या रंगद्रव्यांना त्यांनी १९२५ साली सायटोक्रोम असं नाव दिलं. केइलिन यांना नोबेल मिळालं नाही, ही त्या पारितोषिकाच्या इतिहासातली एक मोठी चूक आहे असं माझं मत आहे.

हिशेबाची दुसरी बाजू १९२९ साली उघड झाली. जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, स्नायूंमधून एकच पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना खादी घातल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि त्यांना एमबीबीएसऐवजी दुय्यम मानली जाणारी एलएमएस पदवी मिळाली, असं सांगतात. पुढे लेडर्ली या औषध कंपनीत त्यांच्या हाताखाली जी औषधं निघाली त्यांपैकी एक म्हणजे डीईसी. विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर दिल्या जातात त्या गोळ्या याच. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते वारले. एटीपीचा धडा शिकवताना आपल्याकडे त्यांचं नाव अभावानेच घेतलं जातं.

स्नायू आखडायचा असो, मज्जातंतूतून संदेश पाठवायचा असो की प्रथिन जोडायचं असो, पेशी एटीपीचं शेपूट तोडते आणि काम करून घेते. तुटल्यावर उरतो तो एडीपी. त्याला फॉस्फेट पुन्हा जोडलं की परत एटीपी. एका वेळी आपल्या शरीरात हा पदार्थ असतो जेमतेम शंभरेक ग्रॅम. पण तो इतक्या वेळा तुटतो आणि जुळतो की दिवसभरात बनलेल्या एटीपीची बेरीज केली तर ती जवळपास आपल्या वजनाइतकी भरते. १९४१ साली फ्रिट्झ लिपमान यांनी या सगळ्या व्यवहाराची मांडणी एका दीर्घ लेखात केली, आणि फॉस्फेटच्या ऊर्जावान बंधासाठी एक नागमोडी रेघ वापरायला सुरुवात केली. ती रेघ पुढे दोन पिढ्यांच्या डोक्यात बसली. १९४० च्या दशकाच्या अखेरीला यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉनांची साखळी आणि एटीपीची जोडणी हे दोन्ही पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियांमध्ये चालतं.

म्हणजे एका बाजूला इलेक्ट्रॉनांची साखळी, दुसऱ्या बाजूला एटीपी. मधे काय? साखळीत मोकळी झालेली ऊर्जा एटीपीपर्यंत पोचते कशी?

केइलिन यांच्याच हाताखाली तयार झालेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बिल स्लेटर यांनी १९५३ साली उत्तर सुचवलं. साखळीत इलेक्ट्रॉन पुढे सरकताना एक ऊर्जावान मधला पदार्थ तयार होत असावा आणि तोच आपली ऊर्जा फॉस्फेटला देऊन एटीपी बनवत असावा. सूचना अगदी समंजस होती. साखर आंबताना एका टप्प्यावर नेमकं असंच घडतं, हे व्हिएन्नातून परागंदा होऊन अमेरिकेत स्थिरावलेल्या एफ्रेम रॅकर यांनी थोड्याच आधी दाखवलं होतं. तिथे मधला पदार्थ सापडला होता, इथेही सापडेल. स्लेटर ॲमस्टरडॅमला प्राध्यापक झाले आणि शोध सुरू झाला.

या शोधात कोण कोण होतं! फिलाडेल्फियाचे ब्रिटन चान्स यांनी साखळीतल्या एकेका दुव्याचा वेग मोजणारी उपकरणं स्वतः घडवली होती. गडी असा की १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदकही मिळवून आला होता. पॉल बॉयर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फॉस्फोहिस्टिडीन नावाचा पदार्थ तंतुकणिकांतून काढला आणि मधला पदार्थ हाच असं मानलं. थोड्या काळाने लक्षात आलं की तो भलत्याच एका विकराचा, शेजारच्या रासायनिक चक्रातला भाग आहे. रॅकर यांची या क्षेत्रातली एक कोटी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती: ज्याचा इथे पूर्ण गोंधळ उडालेला नाही, त्याला परिस्थिती समजलेलीच नाही.

गोंधळाला कारणंही तशीच होती. तंतुकणिका फोडल्या तर इलेक्ट्रॉनांची साखळी खुशाल चालू राहायची, ऑक्सिजन खर्च व्हायचा, पण एटीपी बनणं थांबायचं. मधला पदार्थ रासायनिक असेल तर त्याला बंद पिशवी कशाला हवी? दुसरं कोडं डायनायट्रोफिनॉलचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत या पिवळ्या भुकटीमुळे कामगार घामाघूम होऊन, ताप चढून मेले होते. १९३३ साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी तिचे अल्प डोस वजन कमी करण्यासाठी दिले आणि हां हां म्हणता औषधाची लाट आली. माणसं बारीक होत, खरंच होत; काहींना मोतीबिंदू झाला, काही आतून तापून मेली. १९३८ साली अमेरिकेत त्यावर बंदी आली. हे द्रव्य अन्न जाळू देतं पण एटीपी बनू देत नाही, सगळी ऊर्जा उष्णतेत जाते, एवढं कळलं होतं. पण अशा प्रकारची इतरही बरीच द्रव्यं सापडली आणि त्यांच्या रासायनिक रचनेत काही म्हणजे काही साम्य नव्हतं. एकाच मधल्या पदार्थावर ही सगळी कशी काय हल्ला करत असतील?

या कोड्यांकडे वेगळ्या बाजूने पाहणारा माणूस तंतुकणिकांवर काम करतच नव्हता. पीटर मिचेल १९२० साली लंडनजवळ मिचम इथे जन्मले. त्यांचे काका विम्पी या मोठ्या बांधकाम कंपनीचे प्रमुख होते. घरात पैसा होता आणि तो पुढे कामी आला. केंब्रिजला असताना केस बीथोव्हेनसारखे वाढवलेले. डॉक्टरेटचा पहिला प्रबंध परीक्षकांनी नाकारला. दुसरा मान्य व्हायला १९५१ उजाडलं. केइलिन यांच्याबद्दल मिचेल यांना गुरूसारखा आदर होता, पण त्यांचा स्वतःचा विषय जिवाणू अन्न आत कसं ओढून घेतात हा होता.

या विषयामुळेच त्यांना ते दिसलं जे इतरांना दिसत नव्हतं. परीक्षानळीत रासायनिक क्रियेला दिशा नसते. डावं-उजवं, आत-बाहेर असं तिथे काही नसतं. पण जिवाणूच्या पटलात, म्हणजे त्याच्याभोवतीच्या पातळ आवरणात, बसलेलं विकर एका बाजूने काही घेतं आणि दुसऱ्या बाजूला सोडतं. मग क्रियेलाच दिशा येते. रसायनशास्त्रज्ञ पेशीचं खिमट करून तिचा अभ्यास करत होते आणि जे शोधायचं तेच खिमट करताना नष्ट होत होतं, असं मिचेल यांना वाटू लागलं.

१९४८ पासून जेनिफर मॉइल त्यांच्याबरोबर होत्या. युद्धकाळात लष्करी गुप्तवार्ता विभागात काम करून आलेल्या मॉइल प्रयोगात विलक्षण काटेकोर होत्या. मिचेल कल्पना काढणार आणि मॉइल ती मोजून पाहणार, अशी वाटणी जवळपास पस्तीस वर्षं टिकली. १९५५ साली दोघं एडिंबराला गेली. तिथून ८ जुलै १९६१ च्या 'नेचर'मध्ये मिचेल यांचा पाच पानी लेख आला. त्यात स्वतःचा एकही प्रयोग नव्हता.

लेखाचं म्हणणं असं: मधला पदार्थ शोधू नका. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेला हायड्रोजन, पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. पटल त्यांना परत येऊ देत नाही. एका बाजूला आम्लता वाढते, दुसरीकडे घटते, आणि दोन बाजूंमध्ये विजेचा दाबही निर्माण होतो. प्रोटॉनांना परतायला एकच वाट असते, ती एटीपी बनवणाऱ्या विकरातून. कोयनेची वीज पाण्यात नसते, शिवसागर आणि पोफळी यांच्या पातळीतल्या फरकात असते. बांधाला भगदाड पडलं तर पाणी तेवढंच राहील पण वीज मिळणार नाही. ऊर्जा एखाद्या पदार्थात भरून ठेवलेली नसून भिंतीच्या दोन बाजूंमधल्या फरकात आहे, हा मिचेल यांच्या म्हणण्याचा गाभा.

आता मघाची कोडी बघा. पिशवी फुटली की फरक संपतो, म्हणून एटीपी बनत नाही. आणि डायनायट्रोफिनॉलसारखी ती सगळी द्रव्यं? रचना वेगळी असली तरी ती सगळी मेदात विरघळणारी सौम्य आम्लं निघाली. पटलातून ये-जा करत ती प्रोटॉन चोरवाटेने आत आणून सोडतात. साखळी ढकलत राहते, फरक साठत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. नवजात बाळाच्या पाठीवरच्या तपकिरी चरबीत निसर्गाने हीच गळती मुद्दाम ठेवली आहे, बाळ गारठू नये म्हणून. (डायनायट्रोफिनॉल आजही बारीक व्हायच्या नादात इंटरनेटवरून मागवलं जातं आणि त्याने माणसं मरतात. त्यावर उतारा नाही.)

इतकं सगळं सुटत असूनही स्वागत थंड झालं. मिचेल यांची लिहिण्याची पद्धत त्याला काही अंशी जबाबदार होती. ते नवे नवे शब्द पाडायचे, चिन्हांची जंत्री द्यायचे, आणि जीवरसायनशास्त्रज्ञांना परकी वाटणारी भौतिकीची भाषा बोलायचे. प्रकाशसंश्लेषणाचे अमेरिकन अभ्यासक आंद्रे जेगनडॉर्फ यांनी स्वीडनमधल्या एका परिषदेत त्यांचं भाषण ऐकलं आणि असल्या अगम्य वक्त्याला बोलावलंच कशाला, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. रॅकर यांनाही ती मांडणी तेव्हा दरबारी विदूषकाची किंवा प्रलयाची भाकितं करणाऱ्याची वाटली होती. ऑक्सफर्डच्या आर. जे. पी. विल्यम्स यांची तक्रार वेगळी होती. प्रोटॉनांची कल्पना त्यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे छापली होती आणि लेख येण्याआधी दोघांचा पत्रव्यवहार झाला होता. आपलं श्रेय डावललं गेलं, ही सल त्यांना कायम राहिली. विल्यम्स यांचे प्रोटॉन पटलाच्या आतच वावरत होते, मिचेल यांचे आरपार जात होते. फरक लहान नाही. तरीही या गोष्टीत विल्यम्स यांचं नाव गाळणं बरोबर नाही.

१९६३ साली पोटातल्या अल्सरने बेजार होऊन मिचेल यांनी एडिंबराची नोकरी सोडली. कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन गावाजवळ ग्लिन हाउस नावाची जुनी, मोडकळीला आलेली हवेली त्यांनी विकत घेतली आणि पुढची दोनेक वर्षं विज्ञान बाजूला ठेवून गवंडी-सुतारांवर देखरेख करत ती उभी केली. काही भागात घर, काही भागात प्रयोगशाळा. भाऊ ख्रिस्तोफर यांच्या मदतीने घरचा पैसा घालून ग्लिन रिसर्च ही संस्था काढली. मॉइलही आल्या. इथे विद्यार्थी नव्हते, विभागप्रमुख नव्हते, अनुदान समित्याही नव्हत्या. मोजकी माणसं होती. १९६६ साली मिचेल यांनी आपल्या सिद्धांताची सुधारून वाढवलेली मांडणी संस्थेतर्फेच पुस्तकरूपाने छापली. करड्या मुखपृष्ठामुळे ते 'ग्रे बुक' म्हणून प्रसिद्ध झालं. १९६८ साली दुसरं आलं.

मॉइल यांचा कळीचा प्रयोग ग्लिनमध्येच झाला. उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिका ऑक्सिजन नसलेल्या द्रावणात ठेवायच्या, आम्लता मोजणारा इलेक्ट्रोड बुडवायचा आणि ऑक्सिजन विरघळलेलं थोडंसं मिठाचं पाणी एकदम सोडायचं. सोडताक्षणी बाहेरचं द्रावण आम्ल होई आणि मग हळूहळू पूर्ववत होई. प्रोटॉन बाहेर पडत होते आणि झिरपत परत येत होते. डायनायट्रोफिनॉलसारखं द्रव्य घातलं की ते क्षणात परतत. १९६५ साली हे आकडे छापून आले.

पण वारं फिरवलं ते पालकाने. जेगनडॉर्फ यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या जोरावर एटीपी बनवणारी, पालकाच्या पानांतली हरितलवकं होती आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने, जेफ्री हाइंड यांनी, मिचेल यांचा लेख पुन्हा नीट वाचायचा आग्रह धरला. १९६६ साली जेगनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी एक प्रयोग केला, जो आजही वाचताना अंगावर काटा येतो. संपूर्ण अंधारात त्यांनी हरितलवकांची पटलं पीएच ४ च्या आम्ल द्रावणात बुडवली. आतही आम्ल भरलं. मग ती एकदम पीएच ८ च्या द्रावणात टाकली, ज्यात एडीपी आणि फॉस्फेट होतं. बाहेर अल्क, आत आम्ल. बस्स, एवढंच. एटीपी तयार झालं. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनांचा प्रवास नाही, आणि बनलेलं एटीपी इतकं की आधीच साठवलेल्या कुठल्याही मधल्या पदार्थाच्या खात्यावर ते टाकता येईना. ज्यांना ते भाषण अगम्य वाटलं होतं त्यांच्याच हातून सिद्धांताला सगळ्यात मोठा पुरावा मिळाला.

विरोधक गप्प बसले नाहीत, आणि त्यांनी बसायलाही नको होतं. ही हरितलवकं आहेत, तंतुकणिकांचं काय? प्रोटॉनांचा फरक हा मूळ कारण कशावरून, साठ्याची एक बाजूची सोय कशावरून नसेल? १९६७ साली स्लेटर यांनी मिचेल यांच्या सिद्धांताची मुद्देसूद चिरफाड केली. चान्स यांनी रंग बदलणाऱ्या एका द्रव्याने तंतुकणिकांमधली आम्लता मोजली आणि मिचेल म्हणतात तसं काही दिसत नाही असं सांगितलं. मिचेल आणि मॉइल यांनी उलट उत्तर दिलं की तुमचं द्रव्य आत पोचतच नाही. मॉस्कोत व्लादिमिर स्कुलाचेव्ह आणि सहकाऱ्यांनी पटलातून सहज जाणारे कृत्रिम आयन वापरून दोन बाजूंमध्ये विजेचा दाब आहेच, हे दाखवलं. आज हा दाब साधारण १५० ते १८० मिलिव्होल्ट मानला जातो. आकडा क्षुल्लक वाटेल. पण पटलाची जाडी सहा नॅनोमीटरच्या आसपास. एक मीटरच्या मापात ते अडीच-तीन कोटी व्होल्ट होतात. आपल्या पेशींत आत्ता, या क्षणी.

निर्णायक घाव रॅकर यांनी घातला, तोही आपल्या जुन्या मताविरुद्ध. मिठागरांच्या तीव्र खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या पटलात जांभळं प्रथिन असतं. प्रकाश पडला की ते प्रोटॉन ढकलतं. रॅकर आणि या प्रथिनाचे एक शोधक वॉल्टर स्टोकेनियस यांनी १९७४ साली सोयाबीनमधल्या मेदाच्या बारीक पोकळ पिशव्या केल्या. त्यांत हे जांभळं प्रथिन बसवलं आणि बैलाच्या हृदयातून काढलेलं एटीपी बनवणारं विकर बसवलं. बाकी काही नाही. दिवा लावला आणि एटीपी बनू लागलं. खाऱ्या पाण्यातला सूक्ष्मजीव, शेंगावर्गातली वनस्पती आणि बैल या तिघांत रासायनिक मधला पदार्थ समान असण्याची शक्यताच नव्हती. समान होते ते फक्त प्रोटॉन. यानंतर रासायनिक दुव्याची बाजू घेणं अवघड झालं.

तरी १९७७ साली एका प्रतिष्ठित वार्षिकात या विषयाचा आढावा आला तेव्हा बॉयर, चान्स, अर्न्स्टर, मिचेल, रॅकर आणि स्लेटर या सहा दिग्गजांनी एकत्र लेख दिला खरा, पण प्रत्येकाने आपलं प्रकरण वेगळं लिहिलं. एका मजकुराखाली सहा सह्या होणं शक्य नव्हतं. पुढच्याच वर्षी मिचेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं. नवी कल्पना विरोधक पटल्यामुळे नव्हे तर ते मरण पावल्यामुळे विजयी होते, या माक्स प्लांक यांच्या उक्तीचा त्यांनी स्टॉकहोममध्ये उल्लेख केला आणि आपल्या विरोधकांनी ती खोटी ठरवली म्हणून त्यांचे आभार मानले. हे सौजन्य खरंच होतं. मॉइल यांचं नाव मात्र पारितोषिकात नव्हतं.

इथे गोष्ट थांबवली तर एकटा वीर आणि चुकलेली दुनिया असं सोपं चित्र उभं राहतं, आणि ते खरं नाही. नोबेलच्या आदल्याच वर्षी फिनलंडच्या मॉर्टेन विकस्ट्रॉम यांनी साखळीचा शेवटचा दुवा, सायटोक्रोम ऑक्सिडेज, स्वतः प्रोटॉन ढकलतो असं दाखवलं. मिचेल यांच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. मिचेल आणि मॉइल यांनी ते नाकारलं, आणि नाकारतच राहिले. मान्य केलं ते १९८५ साली. आठ वर्षं! ज्या हट्टाबद्दल त्यांनी दुसऱ्यांना वीस वर्षं बोल लावला तोच हट्ट.

एटीपी बनवणाऱ्या विकराबद्दलही ते चुकले. परतणारे प्रोटॉन विकराच्या आत थेट रासायनिक क्रियेत भाग घेतात, असं त्यांना वाटे. बॉयर म्हणत होते की तसं नाही. प्रोटॉनांमुळे विकराचा एक भाग गोल फिरतो, फिरताना बाकीच्या भागाचा आकार बदलतो आणि तयार एटीपी सुटून बाहेर पडतं. पेशीत फिरणारं चाक! हे ऐकून बरेच जण हसले. १९९४ साली केंब्रिजमध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने बैलाच्या हृदयातल्या या विकराची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि बॉयर यांना हवा तसा, मधोमध वाकडा आस दिसला. १९९७ साली जपानमध्ये हिरोयुकी नोजी, मासासुके योशिदा, काझुहिको किनोसिता आणि सहकाऱ्यांनी त्या आसाला चमकणारा एक लांब धागा चिकटवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना पाहिला, त्याचं चित्रीकरण केलं. बॉयर आणि वॉकर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. मिचेल १९९२ सालीच गेले होते. ग्लिनची प्रयोगशाळा १९९६ साली बंद झाली आणि तिचं काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हलवलं गेलं.

या लढाईची एक खूण आपल्या दप्तरांत अजून आहे. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत मुलं पाठ करतात की साखळीला हायड्रोजन आणून देणाऱ्या वाहक रेणूंपैकी प्रत्येक एनएडीएचमागे तीन एटीपी मिळतात, एफएडीएच-टूमागे दोन, आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे एकूण अडतीस. हे पूर्णांक मधल्या पदार्थाच्या काळातले आहेत. एक पदार्थ बनला की एक एटीपी, अर्धा पदार्थ कसा असेल? पण प्रोटॉनांच्या फरकाला पूर्णांकाचं बंधन नाही. चाकाच्या एका फेरीत तीन एटीपी सुटतात, आणि ती फेरी पुरी व्हायला गाईच्या तंतुकणिकांत आठ प्रोटॉन लागतात, यीस्टमध्ये दहा, पालकाच्या हरितलवकात चौदा. शिवाय फॉस्फेट आत आणायला आणि तयार एटीपी बाहेर न्यायला दर एटीपीमागे आणखी एक प्रोटॉन जातो. असा सगळा हिशेब मांडला की एनएडीएचमागे अडीच ते पावणेतीन एटीपी येतात आणि ग्लुकोजमागे तीस-बत्तीस. अडतीसचा आकडा आता बदलायला हवा. तो हरलेल्या बाजूचा आहे.